भुतांचं शुद्धलेखन

"भुतं नसतात," हे भूतकाकांचं पहिलं वाक्य. दुसऱ्या वाक्यात ते मुंजा आणि समंध यांतला फरक सांगू लागतात. तिसऱ्या वाक्यापर्यंत आपला चहा गार झालेला असतो.

त्यांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. आख्खी सोसायटी त्यांना तोंडावर काका आणि पाठीमागे भूतकाका म्हणते. असे काका पुण्यात एकटेदुकटे नाहीत. देव न मानणारा माणूस इथे नैवेद्याच्या ताटात चटणी कोणत्या बाजूला वाढायची यावर तावातावानं भांडतो. भूतकाका त्याच कुळातले. भुतं आहेत की नाहीत या वादात त्यांना रस नाही. नाहीतच. पण नसलेल्या भुतानंसुद्धा आपल्या झाडावर बसावं, आपली तिथी पाळावी आणि दुसऱ्या भुताच्या कामात लुडबुड करू नये, एवढीच त्यांची अपेक्षा.

ही सवय पोटापाण्याच्या धंद्यातून लागली. काका चाळीस वर्षं पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दिवाळी अंकांतल्या भयकथांची गॅलीप्रुफं ऐन पितृपंधरवड्यात त्यांच्या टेबलावर यायची. बाहेर कावळे, आत हडळी. एकदा एका लेखकानं मुंजाला चिंचेवर बसवलं. काकांनी लाल शाईनं चिंच खोडून पिंपळ केला. मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी गेलेला मुलगा पिंपळावरच राहतो, यात लेखकाला विचारायचं काय? अंक छापून आला. गोष्टीच्या शेवटी नायिका त्याच झाडाखाली बसून चिंचा खात होती. ते पान दुसऱ्या गॅलीत होतं. लेखकानं जो तमाशा केला तो काका आजही निर्विकारपणे सांगतात आणि वर म्हणतात, "लेखनस्वातंत्र्य मला मान्य आहे. पण ते झाडापर्यंत पोचत नाही."

निवृत्तीनंतर त्यांनी एक लांबोडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची हिशेबाची वही आणली आणि भुतांची खतावणी सुरू केली. रकाने सहा: नाव, मरणाचं कारण, झाड किंवा जागा, तिथी, खोड, उतारा. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेला, म्हणून पाण्यापाशी. जखीण सवाष्ण मेलेली, हडळ बाळंतपणात गेलेली. दोघींची सरमिसळ केली की काका कपाळाला हात लावतात. खरं की खोटं, असा रकाना वहीत नाही. मी एकदा सुचवून पाहिला. "जागा नाही," ते म्हणाले. शेजारी चार बोटं समास कोरा होता.

या वहीला आधार आहे तो एका साहेबाच्या टिपणांचा. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाटकाच्या थिएटरात गोळ्या घातल्या, हे आपण शाळेत शिकतो. हाच जॅक्सन आपल्या मुलखातल्या लोकसमजुती जमवत होता, हे कोणी शिकवत नाही. माहिती दिली होती गावोगावच्या शाळामास्तरांनी. जॅक्सनच्या पश्चात एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्यानं ती टिपणं संपादून कोकणचा भाग १९१५ साली छापला. त्यात भुतांखाली तळटीप असते आणि तळटिपेत अमुक गावच्या मास्तरांचा हवाला. काकांचा ऊर भरून येतो. "बघा," ते म्हणतात, "जनगणना मास्तरांकडे, मतदार याद्या मास्तरांकडे, भुतांची शिरगणतीही मास्तरांकडेच. सरकार बदललं, पद्धत नाही."

काकांचं रणांगण म्हणजे शनिवारवाडा. संध्याकाळी तिथे कोणी वाटाड्या पाहुण्यांच्या घोळक्याला सांगत असतो की अमावास्येच्या रात्री 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते. पलीकडच्या घोळक्याला दुसरा वाटाड्या तीच हाक पौर्णिमेला ऐकवतो. मधोमध आमचे काका. एकदा मीही बरोबर होतो.

"अमावास्या की पौर्णिमा, एक काहीतरी ठरवा," काका मध्येच घुसले. "खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला. त्या दिवशी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती. गणपतीचे दिवस. नारायणराव पेशवे अठरा वर्षांचे. माणूस मेल्यावर त्याचं श्राद्ध तिथीला करतात ना? मग त्याचं भूत तिथी सोडून कसं येईल?"

"काका, आता लोकांना तेच ऐकायचं असतं," वाटाड्या हळूच म्हणाला.

"आणि हाक येते कुठून? १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला. मजलेच उरलेले नाहीत. भूत काय आधाराशिवाय हवेत उभं राहून ओरडतं?"

भूत हवेत उभं राहायला कोणाची हरकत असावी, हे घोळक्यातल्या एका नागपूरकडच्या कुटुंबाला कळेना. पण त्यांच्यातली आजी पंचांगवाली निघाली. तिनं वाटाड्याकडे दुर्लक्ष करून काकांनाच पुढचं विचारायला सुरुवात केली. वाटाड्या माझ्याकडे वळून म्हणाला, "यांना तुम्ही आणता का? आणत जाऊ नका."

तर अशा या स्वदेशी, सोवळ्या भूतशास्त्रात जपान शिरला तो नातीमुळे. पुण्यात दर इमारतीत एक तरी पोर जपानी शिकत असतं. काकांकडे ती जबाबदारी नातीनं घेतलेली. ती फोनवर अ‍ॅनिमे बघत होती. पडद्यावर एक डोळा, एक पाय आणि लांब जीभ असलेली छत्री टणाटण उड्या मारत होती.

"हे काय?"

"कासा-ओबाके, आबा. छत्रीचं भूत."

काकांनी चष्मा पुसला. "छत्री मेली कशानं?"

प्रश्न रास्त होता. रकाना दुसरा. नातीनं सांगितलं की मरावं लागत नाही. जपानी समजुतीप्रमाणे घरातल्या वस्तूला शंभर वर्षं झाली की तिच्यात जीव येतो. तिला त्सुकुमोगामी म्हणतात. जुन्या चित्रकथेत वर्षअखेरच्या साफसफाईत फेकून दिलेली भांडीकुंडी चिडतात आणि मालकांवर सूड उगवतात. काका त्या रात्री झोपले नाहीत. पुण्यातल्या माळ्यांवर काय काय आहे याचा ते हिशेब करत होते.

पुढची दिवाळी आली. काकूंनी माळ्यावरून बंब, फुटकी बरणी आणि काकांच्या वडिलांची छत्री खाली काढली. लाकडी मूठ, तीन काड्या मोडलेल्या, कापडाला वाळवीची नक्षी.

"अहो, ही आता भंगारात द्या."

"सत्त्याण्णव वर्षं झाली तिला. तीन वर्षं थांब."

"शंभराव्या वर्षी तिला पाय फुटणार असेल ना," काकू जाळी झटकत म्हणाल्या, "तर चालत जाईल की आपली आपण भंगारात. माझा हेलपाटा वाचेल."

छत्री माळ्यावर परत गेली. पण काकांचं विमान मात्र सुटलं होतं. त्यांनी नातीच्या जुन्या पुस्तकांवरून जपानी गिरवायला घेतलं आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एन-फाइव्हच्या परीक्षेला बसले. पर्यवेक्षिका म्हणाली, "आजोबा, पालकांनी बाहेर थांबायचंय." काकांनी तिला प्रवेशपत्र दाखवलं आणि त्यावरच्या मराठीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूकही दाखवली.

मग रोज संध्याकाळी कट्ट्यावर जपान सुरू झाला. १९७९ साली तिथे एका बाईच्या अफवेनं मुलं घाबरून टोळक्यानं घरी जायला लागली होती. तिचं नाव कुचिसाके-ओन्ना. तोंडावर मास्क. रस्त्यात अडवून विचारते, "मी सुंदर आहे का?" नाही म्हणाल तर मेलात. हो म्हणाल तर मास्क काढून कानापर्यंत फाटलेलं तोंड दाखवते आणि पुन्हा विचारते. उतारा असा की "ठीक आहेस, बरी आहेस" म्हणायचं. ती गोंधळते, तेवढ्यात पळायचं.

"ही बाई पुण्यात आठ दिवस टिकणार नाही," काकांनी निकाल दिला. "इथे लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी 'बरी दिसतेस' याच्या पुढे कोणी जात नाही."

"तेवढं तरी कधी म्हणालात?" खिडकीतून काकूंचा आवाज आला. काकांनी नोंद पुढे ढकलली.

एक दुःख मात्र त्यांना आहे. आपल्याकडची हाकामारी रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारते. कर्नाटकात अशाच एका भुतासाठी लोक दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून ठेवत. ते रोज येई, रोज वाचे आणि रोज परत जाई. हीच कल्पना पुढे 'स्त्री' या हिंदी सिनेमानं २०१८ साली घेतली. दारावर पाटी लावून भुताला परत पाठवायची युक्ती बंगळूरकडे निघाली, पुण्यात नाही, हे काकांना अजून पचलेलं नाही.

जपानचा एक तुकडा मात्र पुण्यातच आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. ओकायामा हे मोमोतारोचं, पीच फळातून जन्मून राक्षसांना मारायला गेलेल्या पोराचं गाव. तिथल्या किबित्सु देवळात उरा नावाच्या राक्षसाचं मुंडकं चुलीखाली पुरलंय असं मानतात. वरची कढई घुमली की कौल मिळतो. काका हे उद्यानातल्या पुलापाशी उभ्या एका जोडप्याला समजावत होते. रखवालदाराची शिट्टी वाजली. "अहो, तो राक्षस अजून..." काका त्याच्याकडे वळले. "काका, राक्षस राहू द्या, गवतावरून उतरा आधी," रखवालदार म्हणाला.

पण काकांना खरा सापडला तो त्यांचाच माणूस. इनोउए एन्र्यो. हा तत्त्वज्ञ. यानं १८८७ साली काढलेल्या शाळेचं आज तोयो विद्यापीठ झालंय. भुतं नसतात हे पटवून द्यायला तो देशभर फिरला आणि त्यासाठी इतकी भुतं जमवली, इतकी वर्गवारी केली, की लोक त्यालाच भूत-पंडित म्हणायला लागले. तोक्योत त्यानं तत्त्वज्ञानाची बाग केली आणि तिच्या दरवाज्यात नेहमीच्या द्वारपालांऐवजी एक भूत आणि तेंगू नावाचं एक पिशाच्च उभं केलं. काकांनी त्याचा फोटो छापून आणला आणि टेबलाच्या काचेखाली कालनिर्णयाशेजारी सरकवला. काकूंना वाटलं, नातीसाठी स्थळ आलंय. "वय जरा जास्त वाटतंय," एवढंच त्या म्हणाल्या.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोटाळा केला 'तुंबाड'नं. २०१८ चा सिनेमा, नंतर पुन्हा थिएटरांत लागला, आणि सोसायटीतली पोरं त्यातला हस्तर हा पुराणातला देव आहे असं एकमेकांना सांगू लागली. काका पेटले. लाल पेन घेऊनच खाली उतरले.

"कुठलं पुराण? अध्याय सांगा! हस्तर कुठल्याही पुराणात नाही. सिनेमाची मुळं नारायण धारपांच्या गोष्टींत. धारपांनी काही गोष्टी बेतल्या त्या स्टीफन किंगवर. आणि हे नाव एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अँब्रोज बिअर्सनं एका गोष्टीत वापरलं, तेव्हा तो मेंढपाळांचा देव होता. मेंढपाळांचा! म्हणजे आपला बिरोबा झाला. कुठे तो साधा मेंढरं राखणारा आणि कुठे हा लंगोटीत मोहरा लपवणारा!"

पोरं गप्प झाली. नात झाली नाही.

"आबा, तुम्ही तोरियामा सेकिएन मानता ना? जपानी भुतांचा मूळ चित्रग्रंथ?"

"मानतो. १७७६. नारायणरावांनंतर तीनच वर्षांनी." काकांना राहवत नाही.

"पुढच्या खंडांत त्यानं कित्येक भुतं स्वतःच रचली. शब्दांवर कोट्या करून. आज ती सगळी पारंपरिक म्हणून खपतात. आणि मिझुकी शिगेरू? यानागिता कुनिओ या लोकसाहित्याच्या अभ्यासकाच्या यादीत नुरिकाबेचं नुसतं वर्णन होतं. रात्री वाटेत आडवी येणारी, न दिसणारी भिंत. मिझुकीनं आपल्या मांगा चित्रकथेत तिला डोळे दिले, हातपाय दिले. आता जपानातलं पोरगं नुरिकाबे काढ म्हटलं की मिझुकीचीच भिंत काढतं. त्याच्या गावी, साकाईमिनातोला, रस्त्याच्या कडेनं भुतांचे ब्राँझचे पुतळे आहेत. जवळच्या विमानतळाला त्याच्या कितारो या पात्राचं नाव दिलंय. हे सगळं अशुद्ध?"

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नुरिकाबे म्हणजे आपला चकवा. रात्री वाट चुकवणारा. त्याला आपल्याकडे चेहरा नाही."

"चित्रकार मिळाला नाही, आबा."

हा घाव वर्मी बसला. आपल्या भुतांना पुतळे नाहीत, पण पत्ते आहेत, हे काकांनी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. पेठेत मुंजाबाचा बोळ आहे, धानोरीला मुंजाबा वस्ती, सेनापती बापट रस्त्याकडे वेताळबाबा चौक आणि शहराच्या डोक्यावर वेताळ टेकडी. पिझ्झावाला रोज मुंजाबाच्या नावानं दार शोधत येतो आणि त्याला भीती वाटते ती फक्त पार्किंगची. तरी काका आतून हललेले दिसत होते. वहीत त्यांनी दोन दिवस काही लिहिलं नाही. 'मुंज्या' सिनेमा २०२४ मध्ये आला तेव्हा 'मुंजा' की 'मुंज्या' यावर मध्यंतरात शेजारच्या खुर्चीशी भांडलेला हा माणूस आता म्हणाला, "चालतं. बोलीत दोन्ही रूपं आहेत."

मग आली कोजागरी. गच्चीवर दूध आटत होतं, मोठी माणसं पुनर्विकासावर भांडत होती आणि पोरं कोंडाळं करून बसली होती. सातवीतल्या एका मुलानं गोष्ट काढली. रात्री बारानंतर बेल वाजते. दारात हेल्मेटवाला उभा, हातात पिशवी. आपण काहीच मागवलेलं नसतं. तो म्हणतो, ओटीपी सांगा. तेवढ्यात फोनवर खरंच ओटीपी येतो. आणि हेल्मेटच्या आत कोणीच नसतं.

एक पोरगी किंचाळली. काका खुर्ची सरकवून आत आले. आता पोराची धडगत नाही, असं मला वाटलं.

"मेला कशानं?" काकांनी विचारलं.

"खड्ड्यात पडून."

सगळ्या गच्चीनं मान डोलावली. कोणत्या रस्त्यावर, या प्रश्नाला मात्र मोठ्यांच्या कोंडाळ्यातून एकदम पाच रस्त्यांची नावं आली आणि प्रत्येकाजवळ पुरावे होते. काकांनी रस्त्याचं नाव मोकळं सोडलं.

"झाड?"

"तोडलं, आजोबा. रस्तारुंदीत."

"मग राहतो कुठे?"

"लिफ्टमध्ये."

"तिथी?"

"शनिवार-रविवार. आणि पावसात."

"पावसाळ्यात म्हणजे आषाढ ते भाद्रपद," काका पुटपुटत लिहीत होते. "उतारा?"

पोरांचं अडलं. कोणी म्हणालं ओटीपी उलटा सांगायचा, कोणी म्हणालं पाच स्टार द्यायचे. मग मघाशी किंचाळलेली ती पहिलीतली पोरगी म्हणाली, "त्याला पाणी विचारायचं."

"का?"

"त्याला कोणीच विचारत नाही ना. म्हणून तो येतो. प्यायला की जाईल."

गच्चीवर क्षणभर फक्त दुधाचा आवाज होता. काकांनी सहावा रकाना भरला. अक्षर नेहमीपेक्षा सावकाश होतं. नाव मात्र त्यांनी स्वतः ठेवलं, कारण पोरांचं 'ओटीपीवाला' त्यांना पसंत नव्हतं. वहीत तो 'पोचता' या नावानं आहे. माल पोचवणारा आणि स्वतः कुठेच न पोचलेला. सेकिएनला ही कोटी आवडली असती, असं नातीचं मत पडलं.

पंधरा दिवसांनी आमच्या वॉचमननं मला तीच गोष्ट सांगितली. पलीकडच्या सोसायटीत घडलेली, त्याच्या मेव्हण्यानं डोळ्यांनी बघितलेली. काका जवळच होते. त्यांनी त्याला थांबवलं. गोष्ट खोटी आहे म्हणून नव्हे. वॉचमननं भूत जिन्यात ठेवलं होतं, म्हणून. "लिफ्ट," काका म्हणाले. "जिना नाही. आणि अमावास्या नाही, शनिवार-रविवार. पुन्हा सांगताना नीट सांगा."

आमच्या गेटपाशी आता एक माठ आहे, वर झाकण आणि पेला. परवा एक डिलिव्हरीचा मुलगा मला म्हणाला, "साहेब, या सोसायटीत सगळे पाणी का विचारतात? तीन मजल्यांवर तीनदा प्यायलो. काय भानगड आहे?" मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायचं कसं?

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावात, बोळात, ऑफिसात किंवा पार्किंगमध्ये एखादं भूत असेल, जुनं नाहीतर कालच जन्मलेलं, तर ते वाया घालवू नका. काका सकाळी सहाला वेताळ टेकडीवर भेटतात. हातात लाल पुठ्ठ्याची वही असते, ओळखायला अवघड नाही. जाताना मरणाचं कारण, जागा आणि तिथी नक्की करून जा. उतारा ठाऊक नसेल तर एखाद्या लहान मुलाला विचारा. आणि "काका, भुतं खरंच असतात का हो?" असं तेवढं विचारू नका. वहीत तो रकाना नाही.